पान त्र्याऐंशी

नुसती सही असावी, लाइटगेबबाई सांगतात,
कुणाचं नाव नको.
"अमक्यास सप्रेम" आलं की पुस्तक निम्म्यावर येतं.
व्हिएन्नात त्यांचं दुकान आहे, त्यांना कळतं.
मी ट्रॅमचे ब्रेक दुरुस्त करणारा माणूस,
मला फार तर गंज कळतो.

एकतीस पुस्तकं झाली.
कोठीघरात, आलुबुखारच्या मुरंब्याच्या बरण्यांवरची फळी.
दोम्निका म्हणते, लोक म्हातारपणी देवाला लागतात,
तू बंदुकांना लागलास.
पुसते मात्र तीच, कोरड्या फडक्याने,
न्हालेल्या पोराची पाठ पुसावी तशी.

सह्या तऱ्हेतऱ्हेच्या.
काळ्या कागदावर चंदेरी शाईची, घसरत गेलेली.
एक हिरवी, शाळेतल्या बाईंसारखी नीट.
एकाने डाव्या हाताने केलीय; उजवा
दुसऱ्या कुठल्याशा देशात राहिला.
एकीच्या सहीशेजारी कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
त्याचे बाईंनी वीस युरो कमी केले.
मी त्या वर्तुळासाठीच घेतलं.

मधली माणसं मी बघत नाही.
झेंडा धरलेला, तोंड उघडलेला,
तो कुणालाही दिसतो.
मी कडा बघतो.
क्रांती कुठल्याही देशातली असो, कडेला
कुणीतरी पाव घेऊन उभं असतं.
एखादा बूट, आत पाय नसलेला.
एखादी बाई, तिला फक्त पलीकडे जायचंय.

पान त्र्याऐंशी.
डिसेंबर, तिमिशोआरा, कॅथेड्रलकडून कालव्याकडे जाणारा रस्ता.
चौघं एक दार घेऊन पळताहेत.
दारावर माणूस.
डावीकडचा मागचा, अर्धा कापला गेलेला, तो मी.
दार आमचं. बिजागऱ्यांतून मीच उपसलेलं.
छपाई इतकी चांगली की
कडीवरचा उडालेला रंगसुद्धा दिसतो.
खाली तीन शब्द:
अनोळखी जखमी तरुण.

अनोळखी कसला.
सेवेर मुंत्यान, दुसऱ्या पाळीचा.
आदल्याच आठवड्यात माझा चौदा नंबरचा पाना
उसना घेऊन गेलेला.
पुलापाशी आलो तेव्हा
दार जड झालं होतं. कुणी बोललं नाही.
मार्चपर्यंत आमच्या घराला दार नव्हतं,
दोम्निकाने घोंगडी टांगली होती.

गेल्या ऑक्टोबरात तेर्प्स्त्रा येणार म्हणून कळलं.
रात्रभर बसने गेलो.
रांगेत सगळी पोरंच, गळ्यात कॅमेरे,
सेवेरच्या वयाची. नाही, लहान.
तो आता म्हातारा झालाय, कानात यंत्र.
मान वर न करता पहिलं पान उघडून म्हणाला,
"कुणाच्या नावे?"
मागून लाइटगेबबाई डोळ्यांनी मला
नको नको करत होत्या.

मी पानं उलटली. बोट ठेवलं.
तो बघत राहिला,
माझ्याकडे नाही, कडीकडे.
मग म्हणाला, "उजेड नव्हता. फिल्म संपत आली होती."
मला वाटलं होतं मी रागावेन.
छत्तीस वर्षं काय बोलायचं ते घोकलं होतं मी,
परसात, कोंबड्यांपुढे.
पण त्याचा हात कापत होता,
आणि मागे रांग.

मी एकेक अक्षर सांगितलं.
त्याने लिहिलं, चित्राखाली, पेन्सिलीने,
छापील ओळ न खोडता.
मुंत्यानमध्ये एक अक्षर चुकलं. राहू दिलं.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं,
सही राहिली.

बाईंना फोनवर सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प,
मग म्हणाल्या, आता याचे काही येणार नाहीत.
म्हटलं, बरं.

ते पुस्तक फळीवर नाही.
दोम्निकाने पिशवीत घालून
दारामागच्या खुंटीला अडकवलंय, का ते तिलाच ठाऊक.
पाना बहुतेक सेवेरच्या आईकडे राहिला असेल.
मी मागितला नाही.